रंगभूमीवरचा रिचर्ड आणि इतिहासातला रिचर्ड

इंग्लंडच्या सिंहासनावर रिचर्ड या नावाचे तीन राजे होऊन गेले. पहिल्याला धर्मयुद्धांतील पराक्रमामुळे सिंहहृदयी हे बिरुद मिळाले. दुसरा पदच्युत होऊन बंदिवासात मरण पावला. तिसऱ्याने तर जेमतेम दोन वर्षे आणि दोन महिने राज्य केले. तथापि इंग्लंडच्या बाहेरच्या सामान्य वाचकाला या तिघांपैकी अधिक परिचित आहे तो हा तिसराच. त्याची ही ओळख मात्र राजा म्हणून नाही, खलपुरुष म्हणून आहे. पाठीला कुबड, एक हात वाळलेला, पाय लंगडा, तोंडी मधाळ भाषा आणि मनात पुढच्या खुनाचा बेत, असा हा रिचर्ड शेक्सपिअरच्या नाटकातून आपल्यापुढे उभा राहतो. सख्खा भाऊ, बायको, मित्र आणि दोन अजाण पुतणे या सर्वांचे बळी घेऊन तो गादीवर बसतो, आणि अखेर बॉझवर्थच्या रणांगणावर त्याच्या पापाचा घडा भरतो.

हा रिचर्ड खरा किती? नाटककाराने तो कोठून आणला आणि आणताना त्यात आपल्या पदरचे काय घातले? आजच्या भाषणात या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. प्रश्न एका परक्या देशातील, पाच शतकांपूर्वी मेलेल्या राजाचा असला, तरी त्याच्यामागे एक मोठा प्रश्न उभा आहे. मृत माणसाविषयी आपल्याला जे ठाऊक असते ते आपल्याला कोणी सांगितलेले असते, हा तो प्रश्न होय.

प्रथम इतिहासाची चौकट पाहू. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या राजघराण्याच्या दोन शाखांत, लँकेस्टर आणि यॉर्क यांच्यात, गादीसाठी भाऊबंदकीची युद्धे झाली. त्यांना पुढे 'गुलाबांची युद्धे' हे नाव पडले. यॉर्क शाखेचा प्रमुख १४६० च्या अखेरीस वेकफिल्डच्या लढाईत मारला गेला आणि १४६१ मध्ये त्याचा थोरला मुलगा चौथा एडवर्ड या नावाने राजा झाला. मधला भाऊ जॉर्ज, क्लॅरेन्सचा ड्यूक. धाकटा रिचर्ड, ग्लॉस्टरचा ड्यूक. हा धाकटा रिचर्ड २ ऑक्टोबर १४५२ रोजी जन्मला. थोरल्या भावाशी त्याने अखेरपर्यंत एकनिष्ठा राखली. १४७० मध्ये एडवर्डला देशत्याग करावा लागला तेव्हा रिचर्ड त्याच्याबरोबर परदेशी गेला. दुसऱ्या वर्षी बार्नेट आणि ट्यूक्सबरी येथल्या लढायांत तो भावाच्या बाजूने लढला, तेव्हा तो अवघा अठरा वर्षांचा होता. पुढे सुमारे बारा वर्षे उत्तर इंग्लंडचा कारभार त्याने भावाच्या वतीने पाहिला.

९ एप्रिल १४८३ रोजी एडवर्ड अकस्मात वारला. त्याचा मुलगा पाचवा एडवर्ड त्या वेळी बारा वर्षांचा होता आणि त्याच्या पाठचा भाऊ नऊ वर्षांचा. चुलता रिचर्ड बाल राजाचा पालक झाला. त्यानंतरच्या अकरा-बारा आठवड्यांत चक्रे अशी फिरली, की २६ जूनला चुलत्याने स्वतः राज्य हाती घेतले आणि ६ जुलैला त्याचा राज्याभिषेक झाला. दोघे राजपुत्र लंडनच्या टॉवरमध्ये होते. त्या उन्हाळ्यानंतर ते कोणाच्याही दृष्टीस पडले नाहीत. दोन वर्षांनी, २२ ऑगस्ट १४८५ रोजी, लँकेस्टर पक्षाचा वारस म्हणून आलेल्या हेन्री ट्यूडरशी लढताना रिचर्ड बॉझवर्थला पडला. त्याचे वय बत्तीस होते. इतका हा वृत्तान्त निर्विवाद आहे.

आता नाटक घ्या. शेक्सपिअरने ते १५९२-९३ च्या सुमारास लिहिले, म्हणजे रिचर्डच्या मृत्यूला शंभरावर वर्षे होऊन गेली होती. रिचर्डचे पात्र मात्र त्याने त्याआधीच, सहाव्या हेन्रीवरील नाटकांत, रंगभूमीवर आणले होते. तेथे सेंट अल्बन्सच्या लढाईत रिचर्ड सॉमरसेटच्या ड्यूकला ठार मारतो. ही लढाई १४५५ च्या मे महिन्यात झाली. त्या वेळी खरा रिचर्ड अडीच वर्षांचा होता! रांगण्याचे वय नुकतेच सरलेल्या मुलाच्या हाती नाटककाराने तलवार दिली, कारण त्याला हा माणूस जन्मजात रक्तपिपासू दाखवावयाचा होता.

पुढच्या नाटकात ही ओढाताण अधिक कुशलतेने केली आहे. नाटकाच्या आरंभीच रिचर्ड अ‍ॅन नेव्हिल हिला मागणी घालतो, तीही तिच्या सासऱ्याच्या शवाजवळ. आपणच तिच्या पतीला आणि सासऱ्याला मारल्याचे तो कबूल करतो आणि तरीही तिचे मन वळवितो. जगाच्या नाट्यवाङ्मयात याच्या तोडीचे प्रवेश थोडेच सापडतील. इतिहास पाहू गेल्यास अ‍ॅनचा पती, लँकेस्टरचा युवराज, १४७१ मध्ये ट्यूक्सबरीच्या लढाईत पडला. सासरा सहावा हेन्री त्याच महिन्यात टॉवरमध्ये मरण पावला. हा मृत्यू नैसर्गिक नसावा हे खरे. पण असे कृत्य राज्यावर असलेल्या एडवर्डच्या संमतीवाचून होणे संभवत नाही. अ‍ॅन आणि रिचर्ड एकमेकांना लहानपणापासून ओळखत होती, कारण रिचर्डचा काही काळ अ‍ॅनच्या वडिलांच्या घरी गेला होता. त्यांचा विवाह १४७२ च्या सुमारास झाला. अ‍ॅन १४८५ च्या मार्चमध्ये वारली. तिला विषप्रयोग झाल्याची कुजबुज तेव्हा उठली. पुरावा मात्र कधीच पुढे आला नाही.

क्लॅरेन्सचे प्रकरण तर उघडच उलटे केले आहे. नाटकात रिचर्ड कपटाने मधल्या भावाविषयी राजाचे मन कलुषित करतो, आणि राजाने शिक्षा रद्द केल्याचा हुकूम पोचण्यापूर्वीच मारेकरी पाठवितो. वास्तविक क्लॅरेन्सवर राजद्रोहाचा आरोप पार्लमेंटपुढे खुद्द एडवर्डने ठेवला आणि १८ फेब्रुवारी १४७८ रोजी त्याला टॉवरमध्ये देहान्त शासन झाले. मांचिनी नावाचा एक इटालियन गृहस्थ १४८३ मध्ये लंडनला होता. तो लिहितो, की भावाच्या मृत्यूचे रिचर्डला एवढे दुःख झाले की ते त्याला लपविता आले नाही.

आणि ती मार्गारेट राणी! सहाव्या हेन्रीची ही विधवा नाटकात राजवाड्यात वावरते आणि एकेकाला शाप देते. तिचे शाप क्रमाक्रमाने खरे होतात, त्यावर नाटकाची अर्धी उभारणी आहे. खरी मार्गारेट १४७६ मध्ये फ्रान्सला परत गेली आणि १४८२ मध्ये तिकडेच वारली. म्हणजे नाटकातील मुख्य घटना घडल्या त्याच्या आदल्या वर्षीच ती इहलोक सोडून गेली होती. १४७१ चे शव, १४७८ चा क्लॅरेन्सवध आणि १४८३ चा एडवर्डचा मृत्यू, या बारा वर्षांच्या घटना नाटककाराने अशा जवळ आणल्या आहेत की त्या एकाच पाताळयंत्री बुद्धीने, एका दमात घडविल्यासारख्या वाटाव्यात. काळाचे अंतर काढून टाकले की योगायोगसुद्धा कट वाटू लागतो.

तथापि हा सारा दोष शेक्सपिअरच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्याने खलपुरुष निर्माण केला नाही, तो त्याला तयार मिळाला. तो कसा तयार झाला याची कथा नाटकाइतकीच बोधप्रद आहे.

हेन्री ट्यूडरचा गादीवरील हक्क दुबळा होता. आईकडून आलेले दूरचे नाते, चौदा वर्षांचा परदेशवास आणि एका लढाईतील जय, एवढेच त्याचे भांडवल होते. म्हणून जिंकल्यावर त्याने आपली कारकीर्द बॉझवर्थच्या आदल्या दिवसापासून मोजली. त्यायोगे आपल्या अभिषिक्त राजासाठी लढलेले लोक राजद्रोही ठरले! १४८६ मध्ये त्याने चौथ्या एडवर्डच्या मुलीशी विवाह केला. तिला आणि तिच्या भावांना अनौरस ठरविणारा जो कायदा रिचर्डच्या पार्लमेंटने १४८४ मध्ये केला होता, तो त्याने रद्द करविला आणि त्याच्या प्रती नष्ट करण्याची आज्ञा दिली. नव्या घराण्याचे आसन स्थिर व्हावयाचे, तर मागचा राजा केवळ पराभूत असून भागत नव्हते. तो अधर्मी असावा लागत होता.

राजाला काय हवे हे लेखकांना सांगावे लागत नाही. जॉन राऊस या वॉरिकशायरच्या विद्वानाने रिचर्डच्या हयातीत त्याला न्यायी आणि प्रजाहितदक्ष राजा म्हणून गौरविले होते. हेन्री गादीवर आल्यानंतर याच राऊसने लिहिले, की रिचर्ड दोन वर्षे आईच्या उदरात होता आणि जन्मला तेव्हा त्याला दात होते व केस खांद्यापर्यंत वाढलेले होते. त्याच्या पहिल्या लिखाणाची एक प्रत त्याच्या हातून आधीच बाहेर गेली होती, म्हणून ती स्तुती आज आपल्याला वाचावयास मिळते. एकाच माणसाची एकाच राजाविषयी दोन मते, आणि मधल्या काळात बदललेली गोष्ट एकच, ती म्हणजे सिंहासनावरचा माणूस.

त्यानंतर आला पॉलिडोर व्हर्जिल. हा इटालियन पंडित १५०२ मध्ये इंग्लंडला आला. सातव्या हेन्रीच्या प्रोत्साहनाने त्याने इंग्लंडचा इतिहास लिहिला आणि तो १५३४ मध्ये छापला गेला. व्हर्जिल चांगला अभ्यासक होता; पण ज्यांच्याकडून त्याने माहिती घेतली ते बहुतेक जिंकलेल्या पक्षाचे होते. तिसरा आणि सर्वांत प्रभावी लेखक सर थॉमस मोर. बॉझवर्थच्या वेळी मोर सात-आठ वर्षांचा मुलगा होता. पुढे तो जॉन मॉर्टन या धर्माधिकाऱ्याच्या घरी उमेदवारीला राहिला. हा मॉर्टन रिचर्डचा हाडवैरी. १४८३ च्या जून महिन्यात रिचर्डने ज्या सभेत हेस्टिंग्जला पकडले त्याच सभेत मॉर्टनही पकडला गेला होता. हेन्रीच्या राज्यात तो कँटरबरीचा आर्चबिशप झाला. त्या सभेच्या आरंभी रिचर्डने मॉर्टनजवळ त्याच्या बागेतील स्ट्रॉबेरीची फळे मागितली, ही बारीकशी आठवण मोरच्या पुस्तकात आहे आणि तेथून ती शेक्सपिअरच्या नाटकात उतरली आहे. ती मुळात कोणी सांगितली असेल हे ओळखणे कठीण नाही.

मोरचे पुस्तक अपुरे राहिले आणि त्याच्या हयातीत छापलेही गेले नाही. त्याचा हेतू केवळ ट्यूडरांची भाटगिरी हा होता असेही म्हणता येत नाही. जुलमी राजा कसा घडतो याचा तो एक अभ्यास होता, आणि त्याच्या लेखकाने पुढे एका ट्यूडर राजाच्याच आज्ञेने १५३५ मध्ये वधस्तंभावर प्राण दिला. परंतु त्याची लेखणी फार जिवंत होती. वाळलेला हात, राजपुत्रांना उशांखाली गुदमरवून मारणारे मारेकरी, जिन्याच्या पायथ्याशी पुरलेली प्रेते, हे सर्व तपशील मोरने रंगविले. ते १५४८ मध्ये एडवर्ड हॉलच्या बखरीत गेले, हॉलकडून हॉलिनशेडच्या बखरीत गेले, आणि हॉलिनशेडची १५८७ ची आवृत्ती शेक्सपिअरच्या मेजावर होती. गादीवर तेव्हा एलिझाबेथ राणी होती, सातव्या हेन्रीची सख्खी नात. नाटकांना सरकारी परवाना लागत असे. रिचर्ड भला राजा होता असे दाखविणे म्हणजे राणीच्या आजोबांनी राज्य बळकावले असे म्हणणे. असे नाटक लिहिण्याचे धाडस कोण करता?

मग शेक्सपिअरने स्वतःचे काय घातले? माझ्या मते त्याने दोन गोष्टी घातल्या आणि त्या दोहोंनीच हे पात्र अमर केले. पहिली गोष्ट त्याची वाणी. बखरीतला रिचर्ड गूढ आणि आतल्या गाठीचा आहे. नाटकातला रिचर्ड पहिल्याच भाषणात प्रेक्षकांना विश्वासात घेतो. आपले बेत तो इतर पात्रांपासून लपवितो, पण आपल्यापासून लपवीत नाही. जुन्या नीतिनाटकांत दुर्गुणाचे एक विनोदी पात्र असे. ते प्रेक्षकांशी सलगी करून इतरांना फसवी. तो वारसा रिचर्डला मिळाला आहे. परिणाम असा होतो, की तो इतरांची फसवणूक करीत असताना आपण हसतो, त्याच्या हुशारीचे कौतुक करतो आणि नकळत त्याचे भागीदार बनतो. पुढे राजपुत्रांच्या वधापाशी आपले हसू थांबते. पण तोवर फार उशीर झालेला असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याची अखेरची रात्र. लढाईच्या आदल्या रात्री मारलेल्यांची भुते त्याच्या स्वप्नात येतात. रिचर्डला भयंकर स्वप्न पडल्याची हकीकत बखरींत होती. शेक्सपिअरने तीतून सदसद्विवेकबुद्धीचा एक झगडा उभा केला. दचकून जागा झालेला रिचर्ड स्वतःलाच प्रश्न विचारतो, स्वतःच उत्तरे देतो आणि आपल्यावर प्रेम करणारे कोणीही उरले नाही हे ओळखतो. ज्या माणसाला केवळ राक्षस ठरवावयाचे असते त्याच्या तोंडी कोणी असे भाषण घालीत नाही. दुसऱ्या दिवशी घोडा मारला गेल्यावर तो दुसऱ्या घोड्यासाठी जी आर्त हाक मारतो, तीही पळण्यासाठी नसून लढण्यासाठी आहे. येथे मात्र नाटक आणि इतिहास यांचे पटते. शत्रुपक्षाचा लेखक व्हर्जिलसुद्धा मान्य करतो, की रिचर्डला पळून जाण्याचा सल्ला दिला असता त्याने तो नाकारला आणि शत्रूंच्या गर्दीत एकाकी लढत तो पडला.

नाटक अतिशय लोकप्रिय झाले. १५९७ मध्ये ते प्रथम छापले गेले आणि १६२३ चा समग्र संग्रह निघण्यापूर्वी त्याच्या सहा आवृत्त्या निघाल्या. रिचर्ड बर्बेज या नटाने ही भूमिका गाजविली. डेव्हिड गॅरिकने १७४१ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर नाव मिळविले ते याच भूमिकेने, आणि १९५५ मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिएने ती चित्रपटात आणली. प्रत्येक पिढीतील थोर नटाने आपले सामर्थ्य पणाला लावून ही बदनामी ताजी ठेवली, असे म्हटले तरी चालेल.

रिचर्डची बाजू मांडणारेही निघाले. त्यांतील पहिल्या मोठ्या वकिलाची गंमत अशी, की तो स्वतः नाटकांना परवाना देणारा राजाधिकारी होता. सर जॉर्ज बक याने १६१९ मध्ये रिचर्डचे समर्थन करणारा ग्रंथ पुरा केला. तो छापून निघाला १६४६ मध्ये. १७६८ साली होरेस वॉलपोलने या राजावरील आरोपांविषयी आपल्या शंका प्रसिद्ध केल्या. १९२४ मध्ये रिचर्डची बाजू घेणाऱ्यांचे एक मंडळच स्थापन झाले, आणि १९५१ मध्ये जोसेफिन टे या लेखिकेने एक कादंबरी लिहिली. तीत अंथरुणाला खिळलेला एक पोलीस अधिकारी या जुन्या खटल्याचा तपास करतो.

या समर्थकांच्या हाती काही खरे पुरावे आहेत. १४८४ च्या पार्लमेंटमध्ये रिचर्डने केलेले कायदे आजही वाचता येतात. गुन्हा शाबीत होण्यापूर्वी आरोपीची मालमत्ता जप्त करू नये, संशयितांना जामीन मिळावा, ज्यूरीवर लायक माणसे असावीत, आणि 'स्वखुशीची देणगी' या गोंडस नावाखाली राजाने पैसे उकळू नयेत, अशा तरतुदी त्यांत आहेत. परदेशी व्यापाऱ्यांवर निर्बंध घालताना त्याने पुस्तकांच्या व्यापाराला मात्र सूट दिली. पुस्तकांना सूट देणारा हा राजा पुढे पुस्तकांतूनच बदनाम व्हावा, हा दैवदुर्विलास होय. यॉर्क शहराच्या नगरसभेने तर तो पडल्याची वार्ता येताच, नवा राजा काय म्हणेल याची तमा न बाळगता, आपल्या दप्तरात मनस्वी दुःखाची नोंद केली.

सर्वांत विलक्षण साक्ष मात्र जमिनीतून आली. लेस्टर शहरात जेथे पूर्वी ग्रेफ्रायर्स मठाचे चर्च होते, तेथे मोटारी उभ्या करण्याच्या जागेवर २५ ऑगस्ट २०१२ रोजी उत्खनन सुरू झाले. फिलिपा लँगली या अभ्यासिकेने त्यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला होता. पहिल्याच दिवशी एका सांगाड्याची हाडे दिसली. कालमापन, जखमा आणि रिचर्डच्या बहिणीच्या वंशजांशी जुळलेली आनुवंशिक खूण यांवरून तो सांगाडा रिचर्डचाच असल्याचे ४ फेब्रुवारी २०१३ रोजी जाहीर झाले. त्याचे शव नदीत फेकून दिले होते ही दंतकथा त्याबरोबर संपली.

त्या सांगाड्याने काय सांगितले? पाठीचा कणा बाजूला वाकलेला होता. हा वाक किशोरवयात आलेला असून त्यामुळे उजवा खांदा डाव्याहून थोडा उंच दिसत असावा. म्हणजे खांद्यांविषयीची कथा अगदीच निराधार नव्हती. परंतु पुढे झुकविणारे कुबड त्याला नव्हते, दोन्ही हात सारखे होते आणि लंगडेपणाची खूण नव्हती. मोरने डावा खांदा उंच म्हटला होता, तोही चुकला. या बाबतीत दातांची व केसांची कथा रचणारा राऊसच खरे लिहून गेला होता! कपडे घातल्यावर जे व्यंग क्वचितच कोणाच्या ध्यानी आले असेल, त्याचे शंभर वर्षांत कुबड झाले. तेव्हाच्या लोकसमजुतीनुसार वाकडे शरीर हे वाकड्या मनाचे बाह्य लक्षण होते. म्हणून मन काळे ठरल्यावर शरीर वाकडे करणे क्रमप्राप्त होते. शरीरावर मृत्यूच्या सुमारास झालेल्या अकरा जखमा आढळल्या, त्यांपैकी नऊ डोक्याला. २६ मार्च २०१५ रोजी लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये या राजाला पुन्हा समाधी देण्यात आली.

श्रोतेहो, येथवर ऐकून रिचर्ड निर्दोष होता असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. सांगाड्याने कुबड खोटे ठरविले. खून खोटे ठरविलेले नाहीत. हाडांना चारित्र्य सांगता येत नाही. १३ जून १४८३ रोजी हेस्टिंग्जचा शिरच्छेद चौकशीवाचून झाला, ही ट्यूडरांची बनावट नाही. बाल राजाच्या मामाला, लॉर्ड रिव्हर्सला, त्याच महिन्यात पाँटिफ्रॅक्ट येथे मारण्यात आले. आणि राजपुत्रांविषयीचा संशयही मोरने शोधून काढलेला नाही. मघाशी उल्लेखिलेल्या मांचिनीने आपला वृत्तान्त १४८३ च्या डिसेंबरमध्ये लिहून पुरा केला, म्हणजे रिचर्ड राज्य करीत असतानाच. त्याचे हस्तलिखित फ्रान्समध्ये लील येथे सापडले आणि १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. मांचिनी सांगतो, की मुले टॉवरच्या खिडक्यांतून दिवसेंदिवस कमी दिसू लागली आणि अखेर दिसेनाशी झाली. बाल राजाचे नाव निघताच माणसांच्या डोळ्यांत पाणी येताना त्याने स्वतः पाहिले. ट्यूडरांचा हा ऋणाईत नव्हता.

रिचर्डवर शंका आली तेव्हा ती फेडण्याचा एक सोपा मार्ग होता. मुले लोकांना दाखविणे. ती त्याने दाखविली नाहीत. अ‍ॅनच्या मृत्यूनंतर आपण पुतणीशी लग्न करणार ही अफवा उठली, तेव्हा त्याने लंडनला नगरप्रमुखांपुढे जाहीरपणे तिचा इन्कार केला. पुतण्यांच्या बाबतीत त्याने मौन धरले. दुसऱ्या बाजूने पाहता, त्यांचा मृत्यू हेन्रीलाही हवाच होता, आणि त्यानेही त्याची उघड चौकशी कधी केली नाही. १४९० नंतर धाकटा राजपुत्र म्हणविणारा एक तोतया त्याला वर्षानुवर्षे सतावीत राहिला, तो १४९९ मध्ये फाशी गेला. १६७४ मध्ये टॉवरच्या एका जिन्याखाली दोन मुलांची हाडे सापडली आणि ती वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत ठेवली गेली. १९३३ च्या तपासणीने त्यांची ओळख निर्विवाद पटली नाही. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर पुण्यात चुलत्याला जाब विचारणारा एक रामशास्त्री होता. लंडनला तसा कोणी नव्हता. म्हणून हा खटला पुराव्याअभावी पडून आहे. बहुतेक इतिहासकारांचा कल आजही रिचर्डला दोषी धरण्याकडे आहे. पण संभव म्हणजे सिद्धता नव्हे, हे त्यांनाही मान्य आहे.

नाटक आणि इतिहास यांच्यातला खरा फरक येथे कळतो. इतिहासकार 'सिद्ध झाले नाही' असे म्हणून लेखणी खाली ठेवू शकतो. नाटककाराला ते शक्य नसते. मारेकरी रंगभूमीवर आला पाहिजे, त्याला कोणी तरी आज्ञा दिली पाहिजे, आणि ती देणाऱ्याचा चेहरा प्रेक्षकांना दिसला पाहिजे. शेक्सपिअरने हाती आलेल्या पुराव्यावरून निकाल दिला आणि तो इतक्या प्रभावी भाषेत दिला की त्यावर अपील करावयास माणसे धजेनात. अडचण त्याच्या कलेत नाही. ती आपल्यात आहे, कारण आपण नाट्यगृहात ऐकलेली गोष्ट घरी इतिहास म्हणून घेऊन येतो.

आपल्या इकडेही हा अनुभव आहे. संभाजी महाराजांचे वर्तन ज्या चिटणिशी बखरीने रंगविले ती त्यांच्या बलिदानानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी लिहिली गेली, आणि तिच्या कर्त्याचे पूर्वज बाळाजी आवजी यांना महाराजांनी देहान्त शासन केले होते. त्या परंपरेतील राजा गडकऱ्यांच्या अपुऱ्या 'राजसंन्यास' नाटकातून महाराष्ट्राच्या मनावर ठसला. वा. सी. बेंद्रे यांनी चाळीस वर्षे कागदपत्रे धुंडाळून १९६० मध्ये चरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा त्या चित्राला प्रथमच समर्थ उत्तर मिळाले. दोन राजांची तुलना येथे अभिप्रेत नाही; त्यांचे जीवन आणि मरण सर्वथा भिन्न आहे. साम्य आहे ते बदनामीच्या वाटचालीत. दुखावलेल्या वा विजयी पक्षाची आठवण, मग बखर, मग नाटक आणि मग लोकांची खात्री, असा तो प्रवास असतो.

म्हणून शेक्सपिअरचे हे नाटक टाकून द्यावे असे मी म्हणणार नाही. उलट ते अवश्य वाचावे, संधी मिळाल्यास पाहावे. सत्तेची हाव माणसाला कशी एकाकी करते आणि भोवतीची शहाणी माणसे मुकाट्याने कशी मान डोलावतात, हे त्यात दिसते तसे अन्यत्र क्वचित दिसते. ते सत्य रिचर्डविषयी नसले तरी माणसाविषयी आहे. आणखी एक गोष्ट त्याच्या जमेस धरली पाहिजे. हे नाटक नसते तर दोन वर्षे राज्य केलेल्या या राजाची हाडे शोधण्यासाठी कोणी फरशी उखडली नसती. नाटक पाहून झाल्यावर मात्र एक प्रश्न बरोबर घरी न्यावा. हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि त्या वेळी गादीवर कोण होते? एवढे विचारण्याची सवय लागली, तर मेलेल्या माणसालाही आपल्याकडून थोडाफार न्याय मिळू शकेल.